बेताच्या पैशांत खेळाचा संगणक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात आम्ही कोणत्या विषयावर बोलणार, असे मंडळाच्या चिटणीसांनी विचारले, तेव्हा आमचे उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. शिक्षण, विवाहातील काटकसर, शिष्यवृत्ती फंड हे आपल्या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंगतीत 'खेळाचा संगणक' हे पान कोठे मांडावयाचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. परंतु आम्ही या विषयाकडे केवळ करमणूक म्हणून पाहत नाही. आपली बहुसंख्य घरे पगारावर, लहानशा दुकानावर किंवा शेतीवर चालणारी आहेत. अशा घरातून पन्नास-साठ हजारांची रक्कम एका दमात बाहेर पडते ती कित्येक वर्षांतून एकदा. ती जाणतेपणाने खर्च झाली की अजाणतेपणाने, यावर घरातील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य मुलांना अंकगणित शिकविण्यात गेले. निवृत्तीनंतर आमच्याकडे संध्याकाळी येणारी मुले संगणकाच्या सुट्या भागांच्या याद्या घेऊन येऊ लागली आणि त्या तपासता तपासता आम्हीही या शास्त्राचे विद्यार्थी झालो. तेव्हा आम्ही येथे तज्ज्ञ म्हणून उभे नाही. हिशेब तपासणारा मास्तर म्हणून उभे आहोत.

या याद्या पाहताना एक गोष्ट वारंवार आमच्या ध्यानात आली. मुलगा संगणक मागतो तो 'अभ्यासासाठी' म्हणून. वडील घेऊन देतात तेही 'अभ्यासासाठी' म्हणून. तो मुख्यतः खेळासाठी हवा आहे, हे दोघांनाही मनातून ठाऊक असते. पण तो शब्द उच्चारावयाचा नाही, असा जणू घरात करार झालेला असतो. मग दोघे दुकानात जातात, तेथेही खरे प्रयोजन सांगत नाहीत, आणि दुकानदार समोर ठेवील ते घेऊन येतात. महिन्याभराने मुलगा हिरमुसलेला, कारण हवा तो खेळ चालत नाही. वडील संतापलेले, कारण पैसे गेले आणि समाधानही नाही. येथे पहिली चूक भाग निवडण्यात झालेली नसते. प्रयोजन लपविण्यात झालेली असते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, खेळासाठी संगणक हवा असेल तर तसे स्वच्छ म्हणावे. ऐपत नसेल तर वडिलांनी तसे स्वच्छ सांगावे. एकदा प्रयोजन आणि रक्कम कागदावर आली की पुढचे काम बव्हंशी अंकगणिताचे आहे.

काही वडीलधाऱ्यांच्या मनात खेळ म्हटले की जुगाराची शंका येते, आणि ती अगदीच निराधार नाही. मोबाईलवर पैसे लावून खेळावयाच्या प्रकारांनी अनेक घरे बुडविली. परंतु २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधी कायदा संमत केला, त्यात पैसे लावून खेळावयाच्या खेळांना बंदी घातली आणि कौशल्याच्या ई-स्पोर्ट्सना वेगळे स्थान दिले. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्ससाठी पदकेही होती. म्हणजे खेळ आणि जुगार हे दोन निराळे पदार्थ आहेत, हे आता कायद्यानेच मान्य केले आहे. अर्थात यावरून आपला चिरंजीव या खेळांवर पोट भरील, असे कोणी समजू नये. क्रिकेट खेळणारी लाखो मुले असतात. त्यांतील किती कसोटी सामन्यात उतरतात? खेळाकडे खेळ म्हणूनच पाहावे.

आता निवडीकडे वळू. बहुतेक नवशिके प्रथम प्रोसेसरचे नाव विचारतात. ते उलट टोकाकडून सुरुवात करणे होय. पहिला प्रश्न असा की, कोणता खेळ खेळावयाचा? 'व्हॅलोरंट', 'काउंटर-स्ट्राइक २', 'माइनक्राफ्ट' हे तुलनेने हलके खेळ. 'सायबरपंक २०७७' किंवा 'रेड डेड रिडेम्पशन २' हे भारी खेळ. यांतील दुसऱ्यासाठी तर १५० जी.बी. जागा मोकळी ठेवावी लागते. हलक्या खेळांसाठी लागणारा संगणक आणि भारी खेळांसाठी लागणारा संगणक यांच्या किमतीत फार मोठे अंतर पडते. म्हणून मुलाने अथवा मुलीने आपल्या आवडीच्या पाच खेळांची नावे लिहावीत आणि प्रत्येक खेळाच्या निर्मात्यांनी जाहीर केलेली यंत्राची आवश्यकता त्यांच्यापुढे मांडावी. किमान आवश्यकता आणि शिफारस केलेली आवश्यकता असे दोन रकाने त्यात असतात. आपण दुसरा रकाना वाचावा.

दुसरा प्रश्न पडद्याचा, म्हणजे मॉनिटरचा. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. ज्यास 'फोर के' म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके, म्हणजे बरोबर चौपट. संगणकास हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रंगवावे लागतात. पडदा मोठ्या थाटाचा आणला की त्यास पोसणारे यंत्रही त्याच थाटाचे लागते. बेताच्या पैशांत पहिला पडदाच योग्य. सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते 'हर्ट्झ' या मापाने सांगतात. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९. चपळाईच्या खेळांत हा फरक जाणवतो. शांतपणे फिरावयाच्या, कथाप्रधान खेळांत फारसा नाही. जुना ६० हर्ट्झचा पडदा घरात असेल तर आरंभी तोच वापरावा आणि ते पैसे यंत्रात घालावेत.

आता यंत्राचे भाग. मॉनिटर वगळून संगणकासाठी शंभर रुपये आहेत असे समजा. भारी खेळांसाठी त्यांची वाटणी साधारणपणे अशी करावी: ग्राफिक्स कार्डास ३५, प्रोसेसरला १८, मदरबोर्डास १३, रॅमला १०, एस.एस.डी.ला ८, वीज पुरविणाऱ्या एस.एम.पी.एस.ला ९ आणि कॅबिनेटला ७. ही वाटणी म्हणजे कायदा नव्हे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मेमरीला इतकी मागणी आली की रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि त्यांच्यामागोमाग एस.एस.डी.चेही. अशा वेळी या दोन रकान्यांचे आकडे फुगणार आणि इतरांना आवरते घ्यावे लागणार. म्हणून भाव त्या आठवड्याचाच धरावा. मागील वर्षीच्या कोणाच्या यादीवर विसंबू नये.

सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा, कारण पडद्यावरील ते लाखो ठिपके रंगविण्याचे काम त्याचे. येथे नवशिका एका आकड्याला भुलतो, तो म्हणजे कार्डावरील मेमरीचा. 'चार जी.बी.चे कार्ड आहे' असे दुकानात सांगतात. पण मेमरी म्हणजे कोठाराची मापे. त्यावरून बैलांची ताकद कळत नाही. २०१४ साली निघालेले 'जी.टी. ७३०' हे कार्ड चार जी.बी. मेमरीसह मिळते, म्हणून ते आजचे भारी खेळ ओढू शकत नाही. दुसरा फसवा प्रकार सारख्या नावांचा. 'जी.टी. १०३०' हे कार्ड २०१७ साली एका जातीच्या मेमरीसह निघाले आणि २०१८ साली त्याच नावाने संथ मेमरीसह पुन्हा निघाले. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जवळपास तृतीयांश. 'आर.टी.एक्स. ३०५०' हे आठ जी.बी.चे कार्ड २०२२ च्या जानेवारीत आले, आणि २०२४ साली त्याच नावाने सहा जी.बी.चे आले. फरक केवळ दोन जी.बी.चा वाटतो, वस्तुतः आतील गणनघटकही २,५६० वरून २,३०४ वर आले आहेत. यास्तव नाव अपुरे वाचू नये. मेमरीचा आकडा आणि तिची जात यांसह पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे.

आमच्या पाहण्यात नेहमीच्या पडद्यावर बेताच्या पैशांत चांगले काम देणारी कार्डे म्हणजे २०२१ साली आलेली 'आर.एक्स. ६६००' आणि 'आर.टी.एक्स. ३०६०' ही दोन. पहिल्यावर आठ आणि दुसऱ्यावर, तिच्या मूळ रूपात, बारा जी.बी. मेमरी आहे. २०२४ च्या डिसेंबरात इंटेलचे बारा जी.बी.चे 'आर्क बी ५८०' आणि २०२५ साली 'आर.टी.एक्स. ५०६०' व 'आर.एक्स. ९०६० एक्स.टी.' ही नवी कार्डे आली. ज्या दिवशी खरेदी करावयाची त्या दिवशी यांतील कोणते कोणत्या भावास मिळते ते पाहून निर्णय करावा. नव्या खेळांसाठी आठ जी.बी. हा आता खालचा उंबरठा समजावा.

प्रोसेसरच्या बाबतीत आपल्या समाजास एक दृष्टांत सहज पटेल. स्थळ पाहताना केवळ घराण्याचे नाव ऐकून कोणी सुज्ञ मनुष्य होकार देत नाही. आजची पिढी काय करते, हेही विचारतो. 'आय-सेव्हन' हे घराण्याचे नाव आहे. बाजारात पंधरा-वीस हजारांत 'आय-सेव्हन गेमिंग पी.सी.' म्हणून जे विकले जाते, त्यातील प्रोसेसर पुष्कळदा २०११ सालच्या दुसऱ्या पिढीचा असतो. २०२२ साली निघालेला बाराव्या पिढीचा साधा 'आय-थ्री १२१००' हा त्यास सहज मागे टाकतो, जरी दोहोंत चारच गाभे असले तरी. शिवाय दुसऱ्या पिढीचा तो जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे घरात आणल्या दिवशीच ते यंत्र उतरणीला लागलेले असते. नावापुढील आकडा पाहावा. पिढी त्यात लिहिलेली असते.

आकड्यामागील अक्षरही पाहावे. इंटेलच्या प्रोसेसरवर 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नाही. स्वतंत्र कार्ड घातल्यावाचून पडदा काळाच राहील. ए.एम.डी.च्या 'रायझन ५ ५६०० जी' मधील 'जी' नेमके उलट सांगते, की त्यात ती सोय आहे. सहा गाभ्यांचा 'रायझन ५ ५६००' किंवा इंटेलचा 'आय-फाइव्ह १२४०० एफ' यांवर मध्यम कार्ड सुखाने चालते. याहून महाग प्रोसेसर घेऊन कार्डात काटकसर करणे म्हणजे जेवणावळीत मांडव मोठा घालून वरण पातळ करणे होय.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची मात्र पत्रिका जुळावीच लागते, आणि येथे छत्तीस गुण नसून दोनच आहेत. पहिला गुण सॉकेटचा. 'रायझन ५ ५६००' ला ए.एम.४ सॉकेट लागते, बाराव्या पिढीच्या इंटेलला एल.जी.ए. १७००. दुसरा गुण रॅमच्या जातीचा. डी.डी.आर.४ आणि डी.डी.आर.५ यांच्या पट्टीवरील खाच निरनिराळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि बळाने बसवू गेल्यास मोडते. जुना साठा असलेला ए.एम.४ बोर्ड घेताना, त्याच्या बायोसमध्ये ५००० मालिकेचा आधार आहे ना, हे दुकानातच विचारून घ्यावे. ए.एम.४ हे सॉकेट आता जुने झाले; ते स्वस्त पडते, पण पुढे वाढण्यास त्यात फारशी जागा उरलेली नाही. २०२२ साली आलेले ए.एम.५ महाग पडते, परंतु २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही ते चालू ठेवण्याचे ए.एम.डी.ने जाहीर केले आहे. ज्यांस पाच वर्षे यंत्रास हातच लावावयाचा नाही त्यांनी पहिले घ्यावे. जे दोन-तीन वर्षांनी भर घालू शकतील त्यांनी दुसऱ्याचा विचार करावा.

रॅम सोळा जी.बी. असावी, आणि शक्य तर आठ-आठच्या दोन पट्ट्या असाव्यात. एकाच पट्टीने विहिरीवर एकच पोहरा चालतो; दोन पट्ट्यांनी दोन चालतात. एस.एस.डी. मात्र हवीच. जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला साधारण दीडशे एम.बी. वाचते, साधी साटा एस.एस.डी. साडेपाचशेच्या आसपास, तर मदरबोर्डावर थेट बसणारी साधी एन.व्ही.एम.ई. पट्टी साडेतीन हजारांपर्यंत. ५०० जी.बी.ची पट्टी दोन-तीन भारी खेळांनीच भरते. झेपत असेल तर एक टी.बी. घ्यावी.

आता ज्या भागाविषयी आम्ही सर्वांत आग्रहाने बोलू इच्छितो तो म्हणजे एस.एम.पी.एस. तो दिसत नाही, खेळ वेगवान करीत नाही, मित्रांना दाखविता येत नाही. म्हणून सर्वांत आधी कात्री त्यावर चालते. आमच्या शेजारच्या आळीतील एका घरी असेच झाले. मुलाने कार्ड चांगले घेतले, प्रोसेसर चांगला घेतला. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एस.एम.पी.एस. तसाच ठेवला. त्यावर ५०० वॅट असे ठसठशीत छापलेले होते. चौथ्या महिन्यात भर खेळात आवाज झाला, जळका वास आला, आणि त्याबरोबर मदरबोर्ड व कार्डही गेले. ते कार्ड त्या मुलाच्या आईने भिशीच्या पैशांतून घेऊन दिले होते. छापलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नये. नामांकित निर्मात्याचा, '८० प्लस' चे प्रमाणपत्र असलेला, पाच वर्षांच्या हमीचा एस.एम.पी.एस. घ्यावा. हे प्रमाणपत्र विजेच्या काटकसरीविषयी असते, सुरक्षिततेविषयी नव्हे. म्हणून निर्मात्याचे नाव आणि हमी हीदेखील पाहावीत.

किती वॅटचा घ्यावा, हे बेरजेने कळते. 'आर.एक्स. ६६००' कार्ड १३२ वॅट घेते, 'रायझन ५ ५६००' जास्तीत जास्त ७६ च्या सुमारास, आणि इतर भाग मिळून पन्नास धरा. बेरीज २५८. त्यावर मोकळीक ठेवून ५०० ते ५५० वॅटचा खरा एस.एम.पी.एस. पुरेसा होतो. वीज वारंवार जात असेल तर यू.पी.एस. घ्यावा, मात्र ६०० व्ही.ए. म्हणजे ६०० वॅट नव्हेत, तो साधारण ३६० वॅटचाच भार उचलतो, आणि त्यातच मॉनिटरही आला. १,००० व्ही.ए.चा अधिक निर्धास्त. याहीआधी भिंतीतील तीन पिनांच्या सॉकेटला खरेच अर्थिंग आहे काय, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत ते पुष्कळदा नुसते दिसण्यापुरते असते.

कॅबिनेटच्या बाबतीत एवढेच सांगतो की, रंगीत दिवे थंडावा देत नाहीत. पुढची बाजू जाळीची असावी आणि पंखे दोन-तीन असावेत. आपल्याकडील उन्हाळ्यात काचेच्या बंद पेटीत यंत्र कोंडणे बरे नव्हे.

एवढी रक्कम एकदम जमत नसेल तर काय करावे? मेजाच्या संगणकाचा मोठा गुण हाच की, तो टप्प्याटप्प्याने उभा करता येतो. आमच्या परिचयाच्या एका गिरणीवाल्या गृहस्थांची कन्या अकरावीत होती. तिने यादी आणून दाखविली. बेरीज वडिलांच्या आवाक्याबाहेर जात होती. आम्ही तिघे बसलो. कार्ड वगळावयाचे, 'रायझन ५ ५६०० जी' घ्यावयाचा आणि त्याच्या अंगभूत सोयीवर हलके खेळ व अभ्यास चालवावयाचा, असे ठरले. एस.एम.पी.एस. मात्र पुढे येणाऱ्या कार्डाचा भार धरून मोठा घ्यावा, असे आम्ही सुचविले. वडील तत्काळ म्हणाले, "गुरुजी, हे मला समजावून सांगायला नको. जातं मोठं बसवायचं असेल तर मोटर आधीच मोठी घ्यावी लागते." मुलगी हसून म्हणाली, "बाबा, मग तुम्हीच माझी यादी तपासली असती तर!" सव्वा वर्षाने, शिष्यवृत्तीतून आणि सुटीतील कामातून साठविलेल्या पैशांनी तिने स्वतः कार्ड आणून बसविले. बाकी एकही भाग बदलावा लागला नाही. त्या घरात संगणकावरून वाद झाल्याचे आमच्या कानी आलेले नाही, कारण हिशेब दोघांनीही मांडला होता.

खरेदीच्या व्यवहाराविषयी थोडे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे सुट्या भागांची दुकाने एकाला लागून एक आहेत. गावातील दुकानातून घ्यावे की तेथून, की घरबसल्या मागवावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु तीन ठिकाणची कोटेशने लेखी घ्यावीत आणि प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक त्यात असावा. '१६ जी.बी. रॅम, ५०० वॅट सप्लाय' असे मोघम लिहिलेले कोटेशन परत करावे. जी.एस.टी. बिल घ्यावेच, चार पैसे वाचविण्यासाठी बिल सोडले की हमीही सुटते. प्रोसेसर बंद पेटीतील असावा. 'ट्रे' म्हणून सुटा मिळतो तो स्वस्त असतो, पण त्यावर कंपनीची थेट हमी नसते.

जुने कार्ड घेण्यास आमची हरकत नाही. बेताच्या पैशांत ते पुष्कळदा शहाणपणाचेच ठरते. मात्र १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, आणि रात्रंदिवस राबविलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली, हे ध्यानात असावे. समोर अर्धा तास भारी खेळ चालवून दाखविल्यावाचून जुन्या कार्डाचे पैसे देऊ नयेत. मूळ बिल आणि शिल्लक हमी असेल तर उत्तमच.

यंत्र जुळवून झाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात, कारण पैसे खर्चूनही या तिन्हींपायी पुष्कळ जण अर्धाच लाभ घेतात. पहिली, मॉनिटरची तार मदरबोर्डास न लावता ग्राफिक्स कार्डास लावलेली असावी. दुसरी, रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालण्यासाठी बायोसमध्ये एक्स.एम.पी. किंवा एक्स्पो ही सोय सुरू करावी. तिसरी, १४४ हर्ट्झचा पडदा घेतला असेल तर विंडोजमध्ये जाऊन तो आकडा निवडावा. अन्यथा तो ६० वरच चालत राहतो. जुळणी मुलांनी स्वतः करावी. आरंभी बोर्डास हात लावण्यापूर्वी उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी, तार भिंतीतून काढलेली असावी, आणि प्रोसेसर बसविताना जोर लावू नये. दुकानदाराचे जुळणीचे पैसे वाचतात हा लाभ लहान. पुढे बिघाड झाला तर कोठे पाहावे हे कळते, हा मोठा.

शेवटी वेळेचा प्रश्न. यंत्र कोणत्या खोलीत ठेवावयाचे आणि दिवसातून किती वेळ खेळावयाचे, हे खरेदीनंतर ठरवू गेल्यास भांडण होते. खरेदीपूर्वी ठरविल्यास तो करार होतो. भागांची यादी ज्या कागदावर लिहिली त्याच कागदाच्या पाठीवर हेही लिहावे, आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. परीक्षेच्या दिवसांत काय, सुटीत काय, हेही त्यात असावे. मुलांनी तो पाळावा. आणि वडिलांनीही, मन बिघडले म्हणून मध्येच यंत्राची तार उपसून तो मोडू नये.

आपल्या मंडळाकडे आम्ही एक मागणी करतो. आपल्या समाजातील कित्येक तरुण संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्यातील दोन-तीन जणांनी महिन्यातून एका रविवारी दोन तास मंडळाच्या कार्यालयात बसावे आणि ज्या कुटुंबांस अशी खरेदी करावयाची आहे त्यांच्या याद्या विनामूल्य तपासून द्याव्यात. विवाहमंडळासाठी आपण एवढे परिश्रम घेतो. यासाठी एक मेज आणि दोन खुर्च्या पुरेत. तोवर आमच्या घराचे दार संध्याकाळी उघडे असते. येताना वडिलांनी मुलास आणि मुलाने वडिलांस बरोबर आणावे, आणि किती पैसे आहेत व कोणते खेळ खेळावयाचे आहेत, हे दोन्ही आकडे खरे आणावेत.